रेडिओ गॅलेक्सीतला वायू तारे बनवतोय का? इन्फ्रारेड स्पेक्ट्रम कसा वाचायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. हायड्रोजन दिसला म्हणजे तारे बनतायत असं नसतं, आणि रेडिओ गॅलेक्सीत, म्हणजे रेडिओ लहरींत जोरात चमकणाऱ्या गॅलेक्सीत, तर अजिबात धरून चालू नका, कारण मधल्या ब्लॅकहोलपासून सुटणारे जेट, म्हणजे वेगवान झोत, तिथला वायू घुसळून काढतात, आणि तापलेला, घुसळलेला वायू आकसून तारा व्हायला कठीण. म्हणून वायू सापडला रे सापडला की पुढचा प्रश्न विचारायचा, याला तापवतंय कोण?

हात बसवायला 3सी 326 ही रेडिओ गॅलेक्सी घ्या. रेडशिफ्ट, म्हणजे विश्व पसरल्यामुळे तिच्या उजेडाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप, 0.089, फार लांब नाही, पण धडा इथेच मिळतो. स्पिट्झर टेलिस्कोपच्या आयआरएस या उपकरणाचे लो रिझोल्यूशन स्पेक्ट्रम कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅसिस संग्रहात तयार मिळतात, ते पायथनमध्ये अॅस्ट्रोपाय या खगोलशास्त्राच्या लायब्ररीने उघडा. मग कागदावर एक तक्ता करा, प्रत्येक रेषेची, म्हणजे ठरावीक तरंगलांबीवर येणाऱ्या टोकदार उंचवट्याची, मूळ तरंगलांबी गुणिले 1 अधिक रेडशिफ्ट. हायड्रोजन रेणूची 17.03 मायक्रॉनची रेषा 18.55 वर येते, 12.28 ची 13.37 वर, निऑनची 12.81 ची 13.95 वर. हा तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय स्पेक्ट्रमला हात लावू नका, नाहीतर प्रत्येक उंचवट्यात आपल्याला हवी तीच रेषा दिसायला लागते.

आता मोजणी. रेषेच्या दोन्ही बाजूंचा सपाट भाग घेऊन कंटिन्युअम, म्हणजे रेषेखालचा सलग उजेड, वजा करायचा, रेषेवर गाउसियन हा घंटेच्या आकाराचा वक्र बसवायचा, आणि एरर त्याच सपाट भागाच्या चढउतारावरून काढायची. आयआरएसच्या छोट्या आणि लांब तरंगलांबीच्या स्लिटची, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या फटीची, रुंदी वेगळी आहे, एक साधारण 3.6 आर्कसेकंद तर दुसरी 10 च्या वर, त्यामुळे 14 मायक्रॉनच्या आसपास स्पेक्ट्रमला पायरी पडू शकते. माझे एकदा दोन दिवस या पायरीपायी गेले, मी तिला खरा उतार समजून फिट करत बसलो होतो. आधी दोन तुकडे जुळवा, मगच पुढे जा. आणि 9.66 ची हायड्रोजन रेषा नेमकी सिलिकेट धुळीच्या 9.7 च्या खड्ड्यात बसते, तेव्हा धूळ जास्त असेल तर ती कमी भरणार हे धरूनच चाला.

मग तुलना. तरुण ताऱ्यांच्या उजेडाने पीएएच नावाचे कार्बनी रेणू चमकतात, 7.7 आणि 11.3 मायक्रॉनला रुंद फुगवटे येतात. हायड्रोजन रेणूच्या पहिल्या चार रेषांची बेरीज भागिले 7.7 चा फुगवटा, हे गुणोत्तर 0.04 च्या वर गेलं की नुसत्या ताऱ्यांवर भागत नाही, दुसरं काहीतरी तापवतंय. ओगल आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 55 रेडिओ गॅलेक्सी अशा तपासल्या, त्यात अशा हायड्रोजनवाल्या 17 निघाल्या. 3सी 326 मध्ये तर साधारण 100 कोटी सूर्यांएवढा कोमट हायड्रोजन आहे आणि ताऱ्यांचा जन्म वर्षाला 0.1 सूर्याइतकाही नाही! हायड्रोजनच्या रेषा ताठ उभ्या आणि 7.7 जवळजवळ सपाट, हा स्पेक्ट्रम एकदा स्वतः प्लॉट करून बघाच, गोष्ट आपोआप समजते.

आता लांब जाऊ. स्पायडरवेब ही लांबची रेडिओ गॅलेक्सी, रेडशिफ्ट 2.16, म्हणजे सगळं 3.16 ने गुणायचं. 17.03 ची रेषा जाते 53.8 वर, जेम्स वेब दुर्बिणीचं मिरी हे इन्फ्रारेड उपकरण 28 च्या अलीकडेच थांबतं, म्हणजे ती गेली. पण 6.91 ची 21.8 वर येते, 2.12 ची 6.7 वर, पीएएचची 3.3 ची 10.4 वर, आणि हायड्रोजन अणूची पाशेन बीटा ही रेषा 4.05 वर. ही शेवटची धुळीतूनही बऱ्यापैकी बाहेर येते म्हणून मला सगळ्यात आवडते. मात्र खुद्द मधल्या गॅलेक्सीत ती सरळ ताऱ्यांच्या हिशोबात धरू नका, ब्लॅकहोलभोवतीचा उजेडही ती पेटवतो. ऑक्सिजनची 0.5007 ची रेषा 1.58 वर बघा, सेकंदाला हजार किलोमीटरसारखी रुंद असेल तर त्या जागी वायू बाहेर फेकला जातोय असं समजा आणि ती जागा ताऱ्यांच्या बेरजेतून बाजूला ठेवा.

थंड हायड्रोजन स्वतः जवळपास काहीच बोलत नाही, त्यासाठी कार्बन मोनॉक्साइड लागतो. स्पायडरवेबभोवती 2016 मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींनी गॅलेक्सीच्या बाहेरपर्यंत पसरलेला सापडला. इन्फ्रारेडचा कोमट आणि रेडिओचा थंड, दोन्ही वस्तुमानं शेजारी मांडा, कोमटाचा वाटा जितका जास्त तितका घुसळणीचा संशय जास्त.

वेबचा जुना डेटा मास्ट या ऑनलाइन संग्रहात खुला असतो. आणि नवीन गॅलेक्सी शोधायच्या असतील तर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा 150 मेगाहर्ट्झचा टीजीएसएस सर्व्हे काढा, त्याची जास्त फ्रिक्वेन्सीच्या सर्व्हेशी तुलना करून ज्यांचा उजेड फ्रिक्वेन्सी वाढली की भराभर पडतो त्या निवडा, कारण लांबच्या बऱ्याच रेडिओ गॅलेक्सी याच गटात सापडल्या आहेत.