घसा धरलाय? तिखट काढा थांबवा, जवस उकळा

मी गणित शिकवते. रोज पाच तास, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. त्यामुळे घसा बसणं माझ्याकडे पाहुण्यासारखं येत नाही, हक्काने येऊन राहतं.

सुरुवातीची कितीतरी वर्षं माझा एकच उपाय असायचा. आलं, मिरी, लवंग, दालचिनी, जे हाताला लागेल ते पातेल्यात टाकायचं आणि निम्मं होईस्तोवर आटवायचं. जितका जहाल तितका गुणकारी, असा माझा हिशेब. एकदा असला काढा तीन दिवस रिकाम्या पोटी ढोसला. घसा राहिला बाजूला, छातीत जळजळ सुरू झाली आणि रात्री आडवं झालं की खोकल्याची उबळ. डॉक्टर म्हणाले, हा खोकला आता पित्ताचा आहे, पोटातलं आम्ल वर येऊन घसा सोलतंय. तेव्हापासून मी धडा घेतला: सोललेल्या घशाला तिखट नको, बुळबुळीत हवं. चिकटून राहील असं.

म्हणून पहिला मान जवसाला. एक मोठा चमचा अख्खे जवस, दोन कप पाणी, मंद आच, साधारण दहा मिनिटं. मधूनमधून चमचा उचलून बघायचं. आधी नुसतं पाणी टपटपतं, मग थेंब लांबतो, आणि शेवटी अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. तार सुटली की गॅस बंद, आणि गरम असतानाच गाळायचं. निवल्यावर ते गाळणीतून उतरतच नाही; माझी चहाची गाळणी एकदा अशी बुजली की शेवटी दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडावी लागली. चव अशी काही नसते, म्हणून कोमट झाल्यावर लिंबू आणि मध घालायचा. एकदम पेलाभर पिऊ नका, दिवसभर दोन-दोन घोट घ्या. रोजच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर हा चिकटपणा गोळी अंगी लागू देत नाही.

गुळण्या सगळेच करतात, पण बहुतेक जण तोंडातल्या तोंडात पाणी खळखळवून थुंकतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घ्या, मान मागे टाका आणि लांब ‘आऽऽ’ म्हणा, म्हणजे पाणी खरोखर घशापर्यंत जातं. सुजेतलं पाणी मीठ ओढून घेतं, म्हणून थोडं मोकळं वाटतं. दिवसातून तीन-चारदा पुरे.

ज्येष्ठमधाची पेरभर काडी ठेचून कपभर पाण्यात पाचेक मिनिटं उकळली की साखर न घालताच गोड पाणी तयार. मला हे फार आवडायचं, आणि तेच नडलं. एका परीक्षेच्या हंगामात तीन आठवडे सतत काडी चघळत होते. पाय सुजले, रक्तदाब चढला. त्यातली गोडी ज्या ग्लायसिरायझिनमुळे असते, तेच शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. आता चार-पाच दिवस, तेही दिवसाला एकच कप. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी याच्या वाटेला जाऊच नये.

हळद पाण्यात घालाल तर बहुतेक सगळी तळाशी बसेल. तिच्यातलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणून हळद दुधातच, वर चिमूटभर मिरपूड. तुळस टाकणार असाल तर झाकण ठेवून, गॅस बंद केल्यावर टाका. भांड्यातून जो सुगंध उडून जातो, तोच आपल्याला हवा असतो.

रात्रीच्या कोरड्या खोकल्यावर मात्र मला मधाइतकं दुसरं काही लागू पडलेलं नाही. झोपताना एक चमचा, सावकाश चाटून, त्यावर पाणी न पिता. उपचारांबद्दल डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनेही 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साध्या खोकल्यासाठी मधाचं नाव घेतलं आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवायचा नाही, घरातलं कोणी कितीही आग्रह करो. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते साध्या उकळीने मरत नाहीत आणि बाळाचं आतडं त्यांना आवरू शकत नाही.

खोकला ओला असेल, कफ सुटत असेल, तर तो दाबू नका. कोमट पाणी पीत राहा, कफ बाहेर पडू द्या. कफात रक्त, धाप, हटत नसलेला ताप, थुंकीही गिळता न येणं, यांतलं काही दिसलं तर पातेलं खाली ठेवा आणि डॉक्टरकडे जा. काही नसलं तरी दोन आठवड्यांनंतर खोकला दाखवायचाच.

जवसाचं पाणी फ्रिजमध्ये एक दिवस राहतं, दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. मी थर्मासमध्ये भरून वर्गात नेते. परवा झाकणातून तार लोंबताना बघून पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, “बाई, तुम्ही डिंक पिता?”