दहा तारांची गिटार घेण्याआधी

गिटार घेण्याआधी तिच्या तारा कोणत्या स्वरात लावणार, ते ठरवा. मी उलट केलं आणि माझे चार महिने गेले.

सहा तारांवर बाखच्या ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठीच्या रचना वाजवताना खालचे बरेच स्वर एक सप्तक वर घ्यावे लागतात. ते मला फार खटकायचं. म्हणून जुनी दहा तारांची गिटार घेतली आणि सातवी ते दहावी तार डी, सी, बी, ए अशी उतरत लावली. सातवी छान बोलली. बाकीच्या तिन्ही मात्र लुळ्या पडून फ्रेटवर फडफडायला लागल्या.

वाद्यात दोष नव्हता. तिच्यावर येपेस पद्धतीच्या तारा होत्या.

नार्सिसो येपेस या स्पॅनिश वादकाने गिटार बनवणारे होसे रामिरेझ तिसरे यांच्याकडून १९६० च्या दशकात दहा तारांची गिटार करवून घेतली, ती मुख्यतः गुंजनासाठी. साध्या गिटारवर ई किंवा ए वाजवला की मोकळ्या तारा आपोआप साथ देतात. सी-शार्प किंवा डी-शार्प कोरडाच राहतो. येपेसने सी, ए-शार्प, जी-शार्प, एफ-शार्प या चार तारा जोडल्या. प्रत्येक तार स्वतःच्या स्वराला आणि त्याच्या पंचमाला जागते, त्यामुळे बाराही स्वरांना सोबत मिळते. सतारीच्या तरफा ऐकलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

यात सर्वांत खर्जातली तार सातवी. पुढच्या तिन्ही तिच्यापेक्षा चढ्या, म्हणून बारीक. ११६.५ हर्ट्झच्या ए-शार्पसाठी बनलेली आठवी तार मी ६५.४ हर्ट्झच्या सीवर उतरवली होती. तिचा ताण एक तृतीयांशही उरला नव्हता!

या तारा ट्यूनरवर लावून थांबू नका. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी वाजवा, लगेच दाबून बंद करा. सातवी घुमत राहिली तर जुळली. आठवीसाठी हेच तिसऱ्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटवर करा. नको तेव्हा तारा अंगठ्याने गप्प करणं हा वेगळाच रियाज आहे. मला तो छेडण्यापेक्षा अवघड गेला.

खर्जाऐवजी चढ्या स्वराची जादा तार हवी असेल तर प्रश्न बदलतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारांच्या गिटारवर ४४० हर्ट्झचा ए चढवायला गेलात तर नायलॉन तुटायला येतं. बारीक तार लावूनही सुटका नाही, कारण जाडीबरोबर तिची ताकदही तेवढीच घटते. लांबीच कमी करावी लागते. उलट, खर्जाला लांब तार मानवते. पॉल गॅलब्रेथ या वादकाच्या आठ तारांच्या गिटारवर, जी डेव्हिड रुबिओ यांनी बनवली, फ्रेट पंख्यासारखे तिरके आहेत ते यासाठीच: चढी तार आखूड, खर्जाची लांब.

साध्या गिटारला जादा खुंट्या बसवून घेऊ नका. सहा नायलॉन तारांचाच ताण साधारण ४० किलो असतो. दहांचा दीडपटीच्या पुढे जातो आणि आतल्या पट्ट्या तेवढ्यासाठी घातलेल्या नसतात. नवीन करवून घेणार असाल तर कारागिराला आधी प्रत्येक तारेचा स्वर आणि लांबी कागदावर लिहून द्या. लाकडाचं त्यानंतर बोला.