पोस्टग्रेसमध्ये मोठ्या फाइली साठवताना

स्कॅन केलेले दस्तऐवज किंवा छायाचित्रे पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येच ठेवायची असतील, तर आधी दोन मार्गांतला फरक नीट समजून घ्यावा. पहिला मार्ग ‘बाइटए’चा, म्हणजे फाइलीचा बाइनरी डेटा थेट टेबलाच्या स्तंभात ठेवण्याचा. या प्रकारच्या स्तंभात एका मूल्याची कमाल मर्यादा १ जीबी असते. ओळ साधारण २ केबीपेक्षा मोठी झाली की डेटाबेस असा मोठा डेटा तुकडे करून ‘टोस्ट’ नावाच्या वेगळ्या टेबलात हलवतो, त्यामुळे ज्या क्वेरीत तो स्तंभ मागितलेलाच नाही, तिला तो वाचावा लागत नाही. म्हणूनच अशा टेबलावर ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे स्तंभ मागवणारी क्वेरी) लिहिणे कटाक्षाने टाळावे. जेपेगसारख्या फाइली आधीच कॉम्प्रेस केलेल्या असतात, तेव्हा स्तंभाची स्टोरेज पद्धत ‘एक्स्टर्नल’ (कॉम्प्रेस न करता टोस्टमध्ये ठेवणारी) करावी. पुन्हा कॉम्प्रेस करण्याचा निष्फळ खटाटोप वाचतो आणि ‘सबस्ट्रिंग’ वापरून हवा तेवढाच भाग वेगाने वाचता येतो. हा बदल नव्याने साठवलेल्या मूल्यांनाच लागू होतो.

दुसरा मार्ग ‘लार्ज ऑब्जेक्ट’चा. यात फाइल डेटाबेसमध्येच वेगळी साठवली जाते आणि टेबलात फक्त तिचा क्रमांक राहतो. ९.३ आवृत्तीपासून त्यात ४ टीबीपर्यंतची फाइल मावते. परंतु टेबलातली ओळ पुसली तरी फाइल तशीच मागे राहते आणि जागा अडवत जाते. त्यासाठी ‘एलओ’ एक्स्टेन्शनचा ट्रिगर (ओळ पुसताच फाइलही आपोआप काढणारी व्यवस्था) लावावा किंवा ‘व्हॅक्यूमएलओ’ हे अशा मागे राहिलेल्या फाइली काढणारे साधन ठरावीक काळाने चालवावे.

माझ्या मते काही एमबींच्या फाइलींना ‘बाइटए’ पुरेसा आहे. व्हिडिओ मात्र फाइल सिस्टीमवर ठेवून टेबलात फक्त त्याचा पाथ आणि चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे तपासण्याची खूण) नोंदवावा, आणि बॅकअप घेताना दोन्ही जागा न विसरता घ्याव्यात.