स्विमिंग पूलवाला बंगला घ्यायचाय? मे महिन्यात नको, ऑगस्टात बघायला जा

आमच्या कोल्हापुरात पन्हाळा रोडला, राधानगरीच्या बाजूला पूलवाले बंगले आणि फार्महाऊस विकायला निघतात आणि ते दाखवतात कधी तर एप्रिल-मे मध्ये. वर ऊन भाजतंय, समोर निळंशार पाणी, पोरं काठावर उभी, अशा वेळी कोण भिंतीची ओल बघतंय? आम्ही पण तसंच घर घेतलं आणि पहिल्याच पावसाळ्यात काय काय कळलं ते इथं लिहितोय, कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून.

आधी पोहायचे दिवस मोजा. आपल्याकडं फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत धरले तर साधारण 100 दिवस, त्यातनं वळवाच्या संध्याकाळी वजा करा. मग सप्टेंबरपर्यंत पाऊस, मध्ये ऑक्टोबर हीटचे थोडे दिवस, आणि पुढं थंडीत रात्री पारा 15 च्या आसपास आला की पाण्यात पाय घालवत नाही. पण खर्च बारा महिने चालू. फिल्टरची 1 एचपीची मोटर दिवसाला 8 तास चालवली तरी 6-7 युनिट जातात, म्हणजे महिन्याला 200 च्या घरात. म्हणून भाव करताना पूल नाहीच असं समजून घराची किंमत करा, आणि पूल नसता तरी हे घर घेतलं असतं का हे घरच्यांना विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जमीन. नदीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पूल नीट पाया घेऊन बांधला नसेल तर तो तडकतोच. मुरूम किंवा जांभ्यावरचा त्या मानानं टिकतो. दुसरं म्हणजे शेजारच्या विहिरीला श्रावणात पाणी किती फुटावर असतं हे वाडीतल्या जुन्या माणसाला विचारा. पाणी वर येत असेल आणि कुणी पावसाळ्यात पूल रिकामा केला तर खालचं पाणी टाकीला होडीसारखं वर उचलतं, तळ फुगतो, टाईल्स उखडतात. साफसफाईसाठी जुलैत पूल उपसणं म्हणजे घात आहे, भरलेलाच ठेवायचा. तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे खालच्या पाण्याचा दाब वाढला की ते पूलमध्ये येऊ देणारी झडप, बसवलाय का ते पण विचारा.

नदीजवळचं घर असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशातल्या रेषा, बघितल्याशिवाय पुढं बोलूच नका. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि 2019 ला आणि 2021 ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या दोन वर्षी या घराच्या कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलेलं हे मालकाला नाही, शेजाऱ्याला विचारा.

गळती बघायला बादली पुरते. पूलच्या पायरीवर बादली ठेवा, तिच्यात पूलचंच पाणी भरा, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या रेषेवर पेन्सिलनं खूण करा आणि 24 तास थांबा, पाऊस नसलेला दिवस धरा. ऊन दोन्हीचं पाणी सारखंच उडवतं, त्यामुळं बाहेरचं जास्त उतरलं तर ती गळती. आमच्याकडं बादलीतलं पाणी अर्धं बोट उतरलं आणि बाहेरचं दोन बोटं. वरवर बघितलं तर काहीच वाटत नाही, पण 20 बाय 10 फुटाच्या पूलला दीड बोट म्हणजे दिवसाला 500 लिटरच्या आसपास पाणी जमिनीत. शेवटी काठाची फरसबंदी उकरून पाईपचा जॉइंट सापडला. ही बादली विसार द्यायच्या आधी ठेवायला पाहिजे होती, आम्ही नंतर ठेवली.

ऑगस्टात गेलात की पाणी कसं आहे ते नीट बघा. पावसानं क्लोरीन पातळ होतं, पालापाचोळा येतो, दोन दिवस फिल्टर बंद राहिला की हिरवं. आमच्या स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीच्या) जाळीत पानांखाली बेडकाची अंडी चिकटलेली होती आणि तळाची पायरी दिसत नव्हती. न दिसणारा तळ हीच खरी धास्ती, कारण त्यात पोरगं पडलं तर वरनं कळणारच नाही. विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेली माणसं आपण, पाण्याची भीती कमी, पण लहान पोरं असतील तर 4 फुटाचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक पहिल्या दिवशी पाहिजे, बाकी रंगरंगोटी नंतर. पाण्यातले लाईट 12 व्होल्टचे आहेत का, मोटरच्या लाईनला 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आहे का हे इलेक्ट्रिशियन नेऊन तपासा, तोंडी शब्दावर राहू नका.

पाणी बोअरचं असेल तर क्षार आणि लोह टेस्ट करून घ्या. लोह असलं की क्लोरीन टाकल्याबरोबर पाणी तांबूस होतं आणि टाईल्सवर डाग बसतात.

कागदाचं थोडक्यात. सातबारा, एनए (बिगरशेती परवानगी), आणि मंजूर नकाशात पूल दाखवलाय का हे वकिलाकडनं बघून घ्या, जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. वीज शेतीपंपाच्या मीटरवरनं घेतली असेल तर ती आधी बदलून मागा.

सौदा ठरला तर किल्लीबरोबर जमिनीखालच्या पाईपलाईनचा नकाशा मागा, हातानं काढलेला असला तरी चालेल, आणि मालकाला समोर उभं करून फिल्टरचा बॅकवॉश (उलट्या दिशेनं पाणी सोडून फिल्टर धुणं) एकदा करून दाखवायला सांगा, मोबाईलवर शूट करून ठेवा.