जुना नायट्रो आरसी ट्रक कमी खर्चात परत चालू कसा करायचा

सेकंडहॅण्ड नायट्रो ट्रक, म्हणजे नायट्रो इंधनाच्या छोट्या इंजिनवर पळणारा रिमोटचा ट्रक, विकणारा माणूस कुठलाही असो, वाक्य एकच असतं, "चालू कंडिशनमध्ये होता, फक्त बरेच दिवस लावला नाही." मला हे वाक्य पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका पार्किंगमध्ये ऐकायला मिळालं, ट्रक होता ट्रॅक्सासचा जुना टी-मॅक्स, २.५ सीसीच्या इंजिनवाला, सोबत एक फुटकी बॉडी, एक रिमोट ज्याचा अँटेना वाकडा, आणि टाकीत मधासारखं घट्ट झालेलं कसलंतरी द्रव्य. साडेसहा हजारात घेतला. त्यानंतर जे जे केलं आणि जिथे जिथे पैसे उगाच घातले ते सगळं इथे लिहितोय, म्हणजे तुमचे तरी वाचतील.

घ्यायच्या आधी दोन मिनिटं फ्लायव्हील फिरवा

बॉडी, टायर, रंग यावर अजिबात जाऊ नका. ट्रकची खरी किंमत इंजिनच्या कॉम्प्रेशनमध्ये आहे. ग्लो प्लग (स्पार्क प्लगच्या जागी असतो तो, तार तापणारा प्लग) लावलेला असताना, इंजिन थंड असताना, खालून फ्लायव्हील (इंजिनच्या शाफ्टवरचं जड चाक) बोटाने फिरवायचं, पिस्टन वर येईल तिथे ते अडकल्यासारखं झालं पाहिजे आणि जोर लावल्यावर टक करून पुढे गेलं पाहिजे. अडकतच नसेल, गोल गोल लोण्यासारखं फिरत असेल, तर पिस्टन आणि तो ज्या नळीत सरकतो ती स्लीव्ह झिजलेत असं समजा आणि सरळ निम्मी किंमत सांगा नाहीतर निघून या, कारण नवा पिस्टन-स्लीव्ह सेट घेतला की बजेट तिथेच संपतं.

हे असं का, ते मला आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी समजावलं, आयुष्यभर पिंपरीला टूलरूममध्ये काम केलेला माणूस. इंजिन हातात घेऊन म्हणाले, "अरे, ह्याला रिंगच नाही!" खरंच, पिस्टनला रिंग नसते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह पितळेची आणि तिला आतून क्रोम, आणि ती स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती केलेली असते. गरम झाली की पसरते आणि मग फिट बरोबर बसतो. म्हणून थंड असताना वर घट्ट लागणं हे चांगलं लक्षण, आजार नाही. विकणाऱ्याला हे माहीत नसतं, तो "जरा जाम आहे" म्हणून स्वस्तात देतो. माझं तसंच झालं.

पूर्णच जाम असेल, हलतच नसेल, तरी घाबरू नका. नायट्रो इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं, मिथेनॉल उडून जातं आणि तेल, त्यातही एरंडेल असेल तर, आत वाळून डिंक होतो. फक्त जोर लावायचा नाही. इलेक्ट्रिक स्टार्टरचं बटण तर दाबायचंच नाही, गिअर सोलवटतात नाहीतर मोटर जळते. ग्लो प्लग काढा, आत चार थेंब पातळ तेल सोडा, घरातला हेअर ड्रायर हेडवर पाच-सात मिनिटं धरा आणि मग फ्लायव्हील हाताने मागे-पुढे डोलवा. माझं तिसऱ्या खेपेला सुटलं.

धुणं म्हणजेच अर्धी दुरुस्ती

पहिल्यांदा फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, लिंकेज (दांड्यांची जोडणी) कसं आहे, कुठली नळी कुठे जाते, सगळं. मी काढले नाहीत आणि थ्रॉटल-ब्रेकचं लिंकेज बसवण्यात एक अख्खा रविवार घालवला.

मग इंजिन, टाकी, एक्झॉस्टचा पाइप, सर्व्हो (स्टिअरिंग आणि थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटर), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) बॉक्स हे सगळं उतरवा. उरलेली चासी जुना टूथब्रश आणि डिनेचर्ड स्पिरिटने घासा, रॉकेल शोधत फिरायची गरज नाही. बेअरिंगवर पाण्याचा फवारा मारू नका. स्क्रू बहुतेक एम३ असतात, गोल बसक्या डोक्याला २ ची ॲलन की आणि उंच डोक्याला अडीचची, की चांगली घ्या, स्वस्त की ने डोकं गोल झालं की पुढचा तासभर नुसत्या शिव्या. गेलेले स्क्रू बोहरी आळीत वजनावर मिळतात तसे घ्या, हॉबीचं पाकीट कशाला.

कार्ब्युरेटर उतरवल्यावर सुया, म्हणजे इंधन किती जायचं ते ठरवणारे स्क्रू, काढायच्या आधी एक काम, प्रत्येक सुई हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत आत फिरवा आणि किती आटे झाले ते कागदावर लिहा. मग काढा. ओ-रिंग बाजूला ठेवा, कार्ब क्लीनरचा स्प्रे रबराला लागला की ते फुगतं. भोकात तार घालू नका, स्प्रे मारा आणि हवा मारा, बस. लुनाचा कार्ब्युरेटर ज्यांनी कधी उघडलाय त्यांना हे काम नवीन नाही, फक्त सगळं अंगठ्याएवढं.

बाहेरून जळून काळं झालेलं तेल कशानेच जात नाही. त्यावर एक जुनी युक्ती आहे, इंजिन पूर्ण खोलून धातूचे भाग गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर काही तास ठेवायचे, तो थर सुटून येतो. पण कूलंट विषारी असतो, तेव्हा हे गच्चीवर किंवा बाल्कनीत, टाकाऊ भांड्यात, आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात नाही म्हणजे नाही. हेडला रंग असेल तर तोही उतरू शकतो. मी केलं, इंजिन नव्यासारखं दिसलं, पण खरं सांगायचं तर पळण्यात काही फरक पडला नाही. आळस असेल तर सोडून द्या.

बेअरिंग मात्र सोडू नका. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पडून राहिलेल्या इंजिनचं मागचं बेअरिंग हमखास गंजलेलं असतं. हाताने फिरवल्यावर खरखर लागली की बदला. चाकांची आणि क्लच बेलचीही (इंजिनचा जोर मोठ्या गिअरला देणारी वाटी) बघा. यात पैसे वाचवायची जागा अशी की आरसीच्या नावाने बेअरिंग मागायचंच नाही. वर्निअरने मापं घ्या, ५ बाय ११ बाय ४ मिलीमीटर असेल तर दुकानात एमआर ११५ म्हणा, ५ बाय ८ बाय अडीच असेल तर एमआर ८५. नाना पेठेत मी विचारलं तेव्हा काउंटरवरचा दादा आधी हसला, "एवढंसं कशात बसतं?" आणि मग दुसऱ्या गल्लीतल्या बेअरिंगवाल्याकडे पाठवलं, तिथे मिळालं.

हवेची गळती शोधल्याशिवाय सुईला हात लावू नका

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. ट्रक चालू व्हायचा, मध्येच आपोआप रेस व्हायचा, मग बंद. मी रोज सुई फिरवत बसलो, आज अर्धा आटा, उद्या पाव आटा, आणि दोन चांगले ग्लो प्लग जाळले. दोष सुईचा नव्हताच, मागच्या झाकणातून आणि कार्ब्युरेटरच्या बुडातून इंजिन चोरून हवा घेत होतं. अशी हवा आत गेली की मिश्रण कधी लीन (इंधन कमी) कधी रिच (इंधन जास्त), सेटिंग बसणारच नाही, तुम्ही कितीही हुशार असा.

शोधायची पद्धत पंक्चरवाल्याची. एक्झॉस्टचं तोंड आणि कार्ब्युरेटरचं वरचं तोंड रबराच्या तुकड्याने बंद करा, इंधनाच्या निपलला नळी लावा, इंजिन बादलीत बुडवा आणि नळीतून फुंका. जिथून बुडबुडे येतात तिथे आरटीव्ही सिलिकॉनचा अगदी पातळ थर, कार वर्कशॉपवाले गास्केटला लावतात तोच. पुढच्या बेअरिंगातून एखाददुसरा बुडबुडा आला तर चालतं, धार लागली तर नाही. काम झालं की लगेच वाळवून तेल सोडा, पाणी आत राहिलं तर नवं बेअरिंगही गेलंच. टाकीही तशीच तपासा, झाकणाची ओ-रिंग कडक झालेली असते. आणि इंधनाच्या सगळ्या सिलिकॉन नळ्या सरळ नवीन घाला, पाइपमधून टाकीकडे येणारी प्रेशरची नळी धरून, पिवळी पडलेली नळी दिसायला धड असली तरी दुमडलेल्या जागी चिरलेली असते.

एअर फिल्टरचा स्पंज हात लावला की भुगा होत असेल तर नवीन घ्या आणि त्याला फिल्टर ऑइल लावा. आपल्याकडची धूळ कोरड्या फिल्टरमधून आत गेली तर तो निमुळता फिट काही टाक्यांत संपतो.

रेडिओ, आणि पैसे खरंच कुठे घालायचे

जुना रिमोट २७ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवाला असेल तर भावनिक होऊ नका, बदला. साधा ३ चॅनलचा २.४ गिगाहर्ट्झ पिस्तूल रिमोट घ्या, टी-मॅक्सला रिव्हर्स गिअरसाठी तिसरा चॅनल लागतो म्हणून ३. त्यात फेलसेफ असलं पाहिजे, म्हणजे सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद होऊन ब्रेक लागतो. शिवाय कार्ब्युरेटरच्या दांडीला एक रबर बँड किंवा स्प्रिंग लावा जी ती बंद बाजूला ओढेल, बॅटरी मेली तर तेवढंच वाचवतं. फुल थ्रॉटलवर सुटलेला ट्रक कोणाच्या पायावर गेला तर गंमत राहत नाही. रिसीव्हरला सुटे पेन्सिल सेल नकोत, उडी मारली की सुटतात, ५ सेलचा ६ व्होल्टचा निमएच पॅक घाला.

रिमोट सोडला तर माझा बाकी खर्च साडेतीन हजारात बसला. बॉडीला चिरा होत्या, चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे जात नाही, आणि बाकी झिप-टायने शिवून टाकली. शॉकमध्ये बाइकचं फोर्क ऑइल घालायचा मोह होईल, नको, आतल्या सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात, सिलिकॉन ऑइलची छोटी बाटली घ्या, खूप दिवस पुरते.

इंजिन परत बसवताना क्लच बेल आणि मोठ्या गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून घट्ट करा. पट्टी बाहेर काढल्यावर तिच्यावर नागमोडी घडी पडली पाहिजे, फाटली नाही पाहिजे.

इंधन

जुनं फेका, आणि बेसिनमध्ये नाही. नवीन घेताना आरसी ट्रकचं घ्या, २० टक्के नायट्रोवालं साधारण सगळ्यांना चालतं, मॉडेल विमानाच्या इंधनात बहुतेक वेळा नायट्रो कमी असतं. पेट्रोल घालून बघू का असं मला तीन जणांनी विचारलंय. नाही. इथे स्पार्क नाही, प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेमुळे लाल राहते आणि त्यावरच इंजिन चालतं. मिथेनॉल पोटात गेलं तर थोडंसंही डोळे घालवू शकतं, जीवही, त्यामुळे मूळ डब्यातच ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीच नाही, घरात पोरं असतील तर कुलपात. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणूनच वेताळ टेकडीवर वाळलेल्या गवतात नेऊ नका, आणि सोसायटीत तर नाहीच, आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी खिडकीतून विचारलं, "चेतक परत आणली का रे?" वास तसाच, आवाज त्याहून वाईट. मोकळा मातीचा प्लॉट बघा, मालकाला विचारा.

चालू करणं आणि सुई

आधी ग्लो प्लग बाहेर काढून इग्नायटरला (प्लगची तार बॅटरीवर तापवणारं साधन) लावा, सगळी तार नारिंगी चमकली पाहिजे. मग कंपनीच्या सेटिंगपासून सुरुवात, माझ्या २.५ ला हाय स्पीड सुई पूर्ण बंद करून ४ आटे बाहेर, लो स्पीड सुईचं डोकं कडेशी सपाट. पाइपच्या टोकावर बोट ठेवून स्टार्टर एक-दोन सेकंद मारा, नळीतून इंधन कार्ब्युरेटरला पोचताना दिसलं की बोट काढा. जास्त झालं तर इंजिन ओव्हर होऊन जाम होतं. चेतक चालू व्हावी म्हणून आडवी करायचे, इथे प्लग काढून ट्रक उलटा करायचा आणि स्टार्टर मारून सगळं इंधन बाहेर काढायचं, डोळे लांब ठेवून.

चालू झाल्यावर पहिली टाकी रिचच राहू दे, भरपूर धूर, थोडा सुस्त. मग हाय स्पीड सुई घड्याळाच्या दिशेने आट्याचा आठवा भाग फिरवा, ट्रकची एक फेरी मारा, परत आठवा भाग. जोरात पळताना मागे निळसर धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे, ती गेली की तुम्ही पुढे गेलात, लगेच मागे या. हेडवर पाण्याचा थेंब टाका, तीन-चार सेकंद उकळून गेला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर इंजिन फार तापलंय. टेम्परेचर गन असेल तर १०५ ते १२५ अंशांच्या मध्ये ठेवा. लो स्पीडसाठी आयडलवर इंधनाची नळी चिमटीत दाबा, दोन-तीन सेकंदांनी रेस किंचित वाढून बंद पडलं तर बरोबर, लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ चालत राहिलं तर रिच.

आणि एकदा बसलेलं सेटिंग वर्षभर पुरत नाही. डिसेंबरच्या सकाळी हवा गार आणि घट्ट असते, सुई थोडी उघडावी लागते, एप्रिलच्या दुपारी थोडी बंद. मी कार्ब्युरेटरच्या सेटिंगची छोटी वही ठेवलीये, काकांची सवय लागली.

दिवस संपला की टाकी रिकामी होईपर्यंत चालवून इंजिन बंद पडू द्या, प्लग काढून आफ्टर-रन ऑइलचे (आत गंज धरू नये म्हणून घालायचं तेल) पाच-सहा थेंब, हाताने दहा-बारा फेऱ्या. मग पिस्टन सगळ्यात खाली आणून ठेवायचा, वर ठेवला तर थंड होताना त्या निमुळत्या जागेत अडकून बसतो. पिस्टन खाली असताना फ्लायव्हीलवर नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवा, दर वेळी प्लग काढून आत टॉर्च मारायला लागत नाही.