ताफा बदलतोय? को-पायलटनी आधी काय करायचं

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला इचलकरंजीहून फोन आला. आमच्याच गल्लीतला मुलगा, एका प्रादेशिक विमान कंपनीत एटीआरवर (छोट्या पल्ल्याचं पंख्याचं विमान) को-पायलट आहे, चार दिवस सुट्टीला घरी आलेला. "ताई, आमची एटीआर काढणार म्हणे, जेट येणारेत. माझं काय होईल गं?" मागून त्याच्या आईचा आवाज येत होता, "लोनचं विचार आधी."

हाच प्रश्न २०१८च्या नोव्हेंबरात माझ्यापुढे होता. मीही तेव्हा एटीआरवर को-पायलट होते, उड्डाणाचे एकूण १,८७० तास झाले होते आणि घरावर कर्ज होतं. नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. मी घाईत सही केली, मग सात महिने नुसती बसून राहिले. म्हणून फोनवर त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, पहिल्या आठवड्यात राजीनामा द्यायचा नाही आणि कुठल्याही कागदावर सही करायची नाही. आधी नक्की काय जातंय ते शोधून काढा. क्रू रूममध्ये विचारू नका, तिथे सगळे तुमच्यासारखेच घाबरलेले असतात. इंजिनिअरना विचारा. आपल्याकडची बहुतेक प्रवासी विमानं भाड्याची असतात. परत द्यायचं विमान कोणतं, त्याची कागदपत्रं कोण जुळवतंय, इंजिनांची बोरोस्कोप तपासणी (आत कॅमेरा घालून करतात ती) कधी आहे, हे त्यांना तुमच्या फ्लीट ऑफिसच्या आधी माहीत असतं. शेपटीवरचं चिन्ह काढून विमान पांढरं केलं, की ते गेलंच समजा.

एटीआरचंच जुनं मॉडेल ७२-५०० जाऊन नवं ७२-६०० येणार असेल तर घाबरायचं काही कारण नाही. कॉकपिटचे पडदे बदलतात, डिफरन्स ट्रेनिंग (फक्त बदललेल्या गोष्टींचं) होतं आणि तुम्ही परत लाइनवर, म्हणजे रोजच्या उड्डाणांवर येता. एटीआर जाऊन जेट येणार असेल तर मात्र सगळं नव्याने: ग्राउंड स्कूल, त्या विमानाची तांत्रिक परीक्षा, सिम्युलेटर, स्किल टेस्ट, लायसन्सवर एन्डोर्समेंट (त्या विमानाची नोंद), मग प्रशिक्षक कॅप्टनबरोबर लाइन ट्रेनिंग आणि शेवटी रिलीज, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय उडायची परवानगी. कागदावर हे तीन-चार महिन्यांचं काम दिसतं. मला पहिल्या मेलपासून रिलीजपर्यंत दहा महिने लागले. कारण सिमचे स्लॉट कमी होते, प्रशिक्षक कमी होते आणि माझा नंबर रांगेत मागे होता.

रांगेतला हा नंबर लेखी मागून घ्या. सीनियॉरिटी रुजू झाल्याच्या तारखेवरून धरणार की रिलीज झाल्याच्या, हे विचारा. दोन्ही याद्यांत तुमची जागा वेगळी असू शकते. कितव्या बॅचमध्ये नाव आहे, बॅच कधी सुरू होणार, तोवर उड्डाण मिळणार का, न मिळाल्यास पगार कसा निघणार, एवढेच प्रश्न चार ओळींच्या मेलमध्ये घाला. "सर म्हणाले होते, काळजी करू नको" हे वाक्य सहा महिन्यांनी कुठेच दाखवता येत नाही. सरही तोवर बदललेले असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन विमानाचं एन्डोर्समेंट लायसन्सवर येईपर्यंत जुनं विमान उडवायची पात्रता जिवंत ठेवा. माझी खरी चूक इथेच झाली. जानेवारीत मी रोस्टरवरून (ड्युटीच्या तक्त्यावरून) उतरले. वाटलं, आता जेटच उडवायचंय, एटीआरचं कशाला. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग नसतील तर रिसेन्सी (अलीकडच्या उड्डाणांचा सराव) जाते, ती गेली. सहामाही प्रोफिशियन्सी चेकची (उड्डाणकौशल्याच्या परीक्षेची) तारीख उलटली. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (फक्त उपकरणांवर बघून उडायच्या पात्रतेची) मुदतही एप्रिलमध्ये संपली. मे महिन्यात दुसऱ्या एका एटीआरवाल्यांकडून फोन आला, "मॅडम, करंट आहात का?" करंट म्हणजे सगळ्या पात्रता चालू असलेली. नाही म्हणावं लागलं. फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ जिन्यात बसून होते.

आणि तो काळही कसा होता! १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेजची विमानं थांबली. माझ्यासारख्या को-पायलटच्या रांगेत एका दिवसात हजारो तासांचे, बोइंगचे आणि एटीआरचेही पायलट येऊन उभे राहिले. २०१२ साली किंगफिशर बंद पडली तेव्हाही हेच झालं होतं, असं जुने कॅप्टन सांगायचे. बाजार कधी भरेल हे आपल्या हातात नसतं. लायसन्सवरच्या तारखा मात्र आपल्या हातात असतात.

म्हणून कंपनीला लेखी विचारा, "मी वाट बघत असताना माझा चेक आणि रेटिंग कंपनी चालू ठेवणार का?" नाही म्हणाले तर सिमचा खर्च स्वतः करता येतो का, ते बघा. क्लास वन मेडिकलची (पायलटच्या वैद्यकीय तपासणीची) तारीख तर चुकवायचीच नाही. लॉस ऑफ लायसन्सचा (आजारपणाने लायसन्स गेलं तर पैसे देणारा) विमा कंपनीच्या गटात असेल तर नोकरीबरोबर तोही जातो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

माझे वडील मागावर जॉबर (माग जुळवणारे कारागीर) होते. शेठनी साधे माग काढून नवे रॅपिअर माग आणले तेव्हा कांड्या भरणाऱ्या बायकांचं काम एका दिवाळीत गेलं, कारण कांडी धोट्यात बसते आणि रॅपिअरला धोटाच नसतो. बाबा दिवसा रॅपिअर शिकायचे आणि रात्रपाळीला दुसऱ्याच्या शेडमध्ये साधे माग जुळवायचे. दीड वर्ष असं केलं त्यांनी. मी तेव्हा आठवीत होते. ते झोपतात कधी, एवढंच मला वाटायचं. २०१९ साली घरी बसले होते तेव्हा ते का तसं करत होते ते समजलं.

बाँड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरेन असा करार. जेटच्या ट्रेनिंगआधी तो पुढे येतोच. रक्कम सगळे बघतात, मुदत कुठून मोजायची ते कुणी बघत नाही. माझ्या बाँडची मुदत रिलीजच्या दिवसापासून सुरू होत होती. म्हणजे वाट बघण्यात आणि ट्रेनिंगमध्ये गेलेले महिने हिशेबात नाहीतच. पुढे २५ मार्च ते २४ मे २०२० देशांतर्गत विमानसेवा बंद होती, त्यानंतर बिनपगारी रजा आली. ते दिवसही मुदतीत धरले गेले नाहीत. तेव्हा सहीआधी हे वाचा: मुदत कधी सुरू होते, दर महिन्याला रक्कम घटते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, कंपनीनेच बसवून ठेवलं तर काय, आणि तुमचं काही न चुकता ट्रेनिंग मध्येच थांबलं तर काय. वकिलाला दाखवा. आमच्या इचलकरंजीत साध्या गाळ्याचा भाडेकरारही कुणी वकिलाला दाखवल्याशिवाय करत नाही.

नोकरी सोडायचा विचार असेल तर नोटीस मोजा. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) २०१७च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने नोटीस द्यावी लागते. सहा महिने थांबायला नवी कंपनी तयार आहे का, हे आधी विचारा. त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे. नोटीसच्या काळात कंपनीने पगार-सवलती कमी केल्या किंवा नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या केल्या, तर लवकर मोकळं करा अशी मागणी तुम्ही करू शकता. म्हणून पगाराची प्रत्येक स्लिप आणि प्रत्येक परिपत्रक स्वतःजवळ ठेवा. कंपनीच्या मेलवर ठेवू नका, तो मेल शेवटच्या दिवशी बंद होतो.

कागदांचंच पुढे. ताफा बंद होताना त्याचा ट्रेनिंग विभागही पांगतो. टीआरआय (त्या विमानाचे प्रशिक्षक) दुसरीकडे जातात, फाइली गोदामात जातात. तुमचे सिमचे रेकॉर्ड, रूट चेकचे कागद, ईजीसीएवरचे (डीजीसीएच्या ऑनलाइन नोंदीतले) तास आणि हातातलं लॉगबुक, हे सगळं विभाग चालू आहे तोवरच जुळवून सह्या घेऊन ठेवा. माझे ११ तास एका चुकीच्या विमान-क्रमांकामुळे अडकले होते. ते सोडवायला तीन महिने गेले, कारण सही करणारे कॅप्टन तोवर आखातात होते.

पैशाचं गणित एका कागदावर करा, घरच्यांसमोर करा. आपल्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. रोस्टरवरून उतरलात की हातात उरतो तो फक्त ठरीव भाग. माझा हप्ता ६२ हजारांचा होता. तिसऱ्या महिन्यात मी बँकेत गेले आणि हप्ता थकायच्या आधीच मुदत वाढवून मागितली. मॅनेजरनी ऐकून घेतलं. थकल्यावर गेले असते तर वेगळं बोलले असते. जेटचं रेटिंग (ते उडवायची पात्रता) स्वतःच्या पैशाने करून घ्या असं एजंट सांगतील. त्याला १५ लाख किंवा जास्त लागतात आणि नोकरीची हमी कुणी देत नाही. हातात लेखी ऑफर नसेल तर मी ते करू नका म्हणेन.

एटीआरचे तास वाया जातात, हे मात्र मला मान्य नाही. जळगावची धावपट्टी १,७०० मीटरची आहे. अशा ठिकाणी २३ टनांचं एटीआर बिनघोर उतरतं. इंडिगोने डिसेंबर २०१७मध्ये एटीआर सुरू केली, गोव्याची फ्लाय९१ मार्च २०२४मध्ये एटीआरवरच उभी राहिली. अलायन्स एअर तर बोइंग ७३७वरून एटीआरकडे आली. म्हणजे ताफा उलट्या दिशेनेही बदलतो. कमांड (कॅप्टनपद) दोन-तीनशे तासांवर आली असेल आणि दुसरीकडे एटीआरवर ती मिळत असेल, तर मी कमांड घेईन. जेटची उजवी, म्हणजे को-पायलटची, सीट नंतरही मिळते. नुकतेच रिलीज झालेले असाल तर जेटला जा.

जेटला निघालात तर सिमच्या आधीच डोक्यात दोन गोष्टी बदला. एटीआरवर पॉवर मागे घेतली की पंखेच ब्रेक लावतात. जरा उंच राहिलो तरी सावरता येतं. जेट खाली येताना वेग सोडत नाही, एका वेळी उतरेल किंवा मंदावेल. हजार फुटांना तीन मैल, म्हणजे १०,००० फुटांवर असताना किमान ३० मैल हातात हवेत, वर वेग मारायला आणखी थोडे. पहिल्या चार सेशनमध्ये मी दर वेळी उंच राहिले. दुसरी गोष्ट पायांची. एटीआरवर पॉवर बदलली की पाय आपोआप रडरवर जातो. ती सवय जेटवर चालत नाही. मी हॉस्टेलच्या खोलीत खुर्चीवर बसून, डोळे मिटून, पाय जमिनीला टेकवून प्रोसिजर म्हणायचे.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी बाँडचे फोटो पाठवले. चौथ्या पानावर मुदत 'लाइन रिलीज'पासूनच आहे. ती 'ट्रेनिंग सुरू झाल्यापासून' करून मागायची असं ठरलंय. त्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग नऊ आठवड्यांनी संपतंय. सोमवारी ड्युटीवर गेल्यावर आधी त्याच्या चेकची तारीख घेणार आणि मग फ्लीट ऑफिसला तो चार ओळींचा मेल टाकणार.