एलएफपी बॅटरीची टक्केवारी खरी कशी ठेवाल?
बीवायडी अ‍ॅटो ३ सारख्या इलेक्ट्रिक एसयूव्हीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असते. तिच्या प्रत्येक सेलचं (बॅटरीतल्या छोट्या घटकाचं) व्होल्टेज चार्जच्या मधल्या पट्ट्यात ३.३ व्होल्टच्या आसपासच अडून बसतं. त्यामुळे चार्ज ४० टक्के आहे की ६०, हे गाडी अंदाजानेच ठरवते. सतत अर्धवट चार्जिंग केलं की अंदाज भरकटतो आणि १५ टक्क्यांवरून आकडा एकदम कोसळू शकतो.

म्हणून आठवड्यातून एकदा एसी (संथ, घरगुती) चार्जरवर १०० टक्के करा. १०० दिसताच प्लग उपटू नका. चार्जिंग आपोआप थांबू द्या, सेल तेव्हाच समान पातळीवर येतात. घाईच्या डीसी (जलद) चार्जिंगने हे साधत नाही.

बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर मात्र उलट: रोज ८० पुरे, १०० फक्त लांबच्या प्रवासाआधी.